पोरक्या हत्तींचें बिऱ्हाड

नैरोबी शहराच्या दक्षिणेस, वस्तीला अगदीं लागून, एक राखीव अरण्य आहे. १९४६ सालीं तें राखून ठेवण्यांत आलें; विस्तार सुमारें ११७ चौरस किलोमीटर. एका अंगास बँकांच्या व कचेऱ्यांच्या उंच उंच इमारती आणि दुसऱ्या अंगास निवांत चरणारे जिराफ, असा देखावा अन्यत्र क्वचितच पाहावयास मिळेल. या अरण्याच्या कडेस हत्तींच्या पोरक्या पिल्लांचें एक संगोपनगृह आहे. पिल्लें येथें आणतात तीं पाळण्यासाठीं नव्हे, पुन्हां रानांत सोडण्यासाठीं. आणि हेंच त्या स्थळाचें वैशिष्ट्य असल्यामुळें त्याची हकीकत वाचकांस सादर करावी असें आम्हांस वाटलें.

मुंबईहून नैरोबीस विमानानें सहा तास लागतात. विषुववृत्त जवळ असलें तरी शहर साडेपांच हजार फूट उंचीवर वसलेलें असल्यानें तेथील हवा महाबळेश्वराची आठवण करून देते. नोकरीनिमित्त तेथें राहणाऱ्या आमच्या एका आप्तांकडे आम्ही गेल्या वर्षीं फेब्रुवारी महिन्यांत पंधरा दिवस मुक्कामास होतों. सिंह पाहावे, सरोवरें पाहावीं, असा आमचा बेत. हत्तीचीं पिल्लें दूध पितात तें पाहावयास चला, हा हट्ट घरांतील मुलांचा. हट्ट मुलांचा असला म्हणजे वडील माणसें काय करणार! निघालों.

संगोपनगृहाचें दार पाहुण्यांस दिवसांतून एकच तास, अकरा ते बारा, उघडें असतें, आणि त्यासाठीं नांव आधीं नोंदवावें लागतें. आंत तांबड्या मातीचें मैदान, मध्यें चिखलाचें डबकें, भोंवतीं दोरी बांधलेली, आणि दोरीच्या अलीकडे आम्ही प्रेक्षक. दुधाच्या मोठाल्या बाटल्या हातगाडीवर रचून ठेविलेल्या. इतक्यांत झुडपांतून धुळीचा लहानसा लोट उठला आणि त्यांतून पहिलें पिल्लूं धांवत आलें. हत्ती म्हटला कीं गांभीर्य डोळ्यांपुढें उभें राहतें; परंतु हें पिल्लूं कान पसरून, सोंडेचें काय करावें हें न उमजून, शाळा सुटल्यावर दप्तर आदळीत घरीं येणाऱ्या पोरासारखें आलें, आणि हिरवा डगला घातलेल्या मनुष्याच्या हातांतील बाटलीस जाऊन भिडलें. त्याच्या मागून दुसरें, तिसरें. पाहतां पाहतां बाटली रिकामी होई आणि मग आणखी एक मिळावी म्हणून जो आक्रोश चाले, तो ऐकून आमच्या मंडळींतील एका आजीबाईंनीं, "अहो, द्या कीं त्याला बिचाऱ्याला!" असें शुद्ध मराठींत त्या मनुष्यास बजाविलें. तो हंसला; अर्थ त्यास कळला असावा.

दूध झाल्यावर चिखल. ह्या प्राण्यास चिखलांत लोळण्याचें जें सुख होतें त्याचें वर्णन करणें आमच्या लेखणीच्या आवांक्याबाहेरचें आहे. एकावर एक पडून, सरकून, घसरून, पुन्हां उठून, अखेर सर्वजण एकाच तांबड्या रंगाचे झाले. त्यांतल्या सर्वांत लहानग्याच्या पाठीवर मात्र कांबळें बांधलेलें होतें व तें चिखलापासून थोडें दूरच उभें होतें. जन्मल्यावर कित्येक महिने पिल्लास सोंडेचा नीट उपयोग करतां येत नाहीं. ती कधीं पायाखालीं येते, तर कधीं लहान मूल आंगठा चोखतें तशी तोंडांत चोखली जाते. हें पिल्लूं तीच चोखीत उभें होतें, आणि दुसऱ्या बाजूनें त्याच्या कपाळावर एका पालकाचा हात होता. (तेथील सांभाळणाऱ्या मंडळींस आम्ही पालकच म्हणतों. माहूत म्हणवत नाहीं; कारण त्यांच्याजवळ अंकुश नाहीं, सांखळी नाहीं, आणि त्या पाठीवर कोणी कधीं बसावयाचें नाहीं.)

कांबळें कशाला, असें कोणी विचारील. रानांत पिल्लूं आईच्या पोटाखालीं चालतें; तेथें त्यास ऊब मिळते व सांवलीही मिळते. आईच नाहीं तेथें दोन्ही गोष्टी माणसानें पुरवावयाच्या. थंडी बाधली कीं फुफ्फुसांचा दाह होतो, आणि तो ह्या पिल्लांचा मोठा शत्रु आहे. उन्हानें कोंवळे कान भाजतात, म्हणून त्यांस मलम चोळतात, आणि अगदीं तान्ह्यावर तर छत्री धरतात. आपल्याकडे हत्तीवर बसलेल्या राजावर छत्र धरीत असत. येथें छत्र खुद्द हत्तीवर धरलेलें पाहिलें.

हत्तीण बावीस महिने गर्भ वाहते. पिल्लूं जन्मतें तेव्हां त्याचें वजन शंभर-सव्वाशें किलो असतें. तरी तें असतें तान्हेंच. दोन वर्षांच्या आंत आईचें दूध तुटलें तर तें पिल्लूं रानांत जगत नाहीं. कळपांतील दुसऱ्या हत्तिणींची माया असते, पण त्यांच्याजवळ दूध आपल्या पिल्लापुरतेंच. दुष्काळांत तर तेवढेंही नसतें. आई मरते ती कोणाच्या गोळीनें, कोणाच्या विषारी बाणानें, कोणाच्या फासानें, किंवा नुसत्या अवर्षणानें. कित्येक पिल्लें तर आई जिवंत असतांही उघड्या विहिरींत पडून कळपास अंतरतात.

असें पिल्लूं माणसानें वांचवावें कसें, हें फार दिवस कोणासच ठाऊक नव्हतें. केनियांतील त्साव्हो हें अरण्य १९४८ सालीं राखीव झालें. त्याच्या पूर्व भागाचे पहिले अधिकारी डेव्हिड शेल्ड्रिक आणि त्यांच्या पत्नी डॅफ्ने यांच्या घरीं रानांतलीं अनाथ पोरें येत असत: गेंडे, रेडे, हरणें, आणि हत्तीही. थोडें मोठें झालेलें पिल्लूं जगे; तान्हें जगत नसे. गाईच्या दुधांतील स्निग्धांश हत्तीच्या पिल्लास पचत नाहीं. हगवण लागून तें मरतें. शेल्ड्रिकबाईंनीं वर्षानुवर्षें निरनिराळीं मिश्रणें करून पाहिलीं, आणि प्रत्येक चुकलेल्या मिश्रणामागें एक पिल्लूं गेलें. अखेर मानवी अर्भकांसाठीं मिळणाऱ्या दुधाच्या भुकटींत खोबरेल तेल मिसळल्यावर गुण आला. आमच्या कोंकणांतील वाचकांस हें वाचून खचित समाधान वाटेल कीं, जें तेल आपण पोरींच्या वेण्यांस चोपडतों, त्यानेंच हत्तीचें बाळ जगविलें.

ह्या मिश्रणावर वाढलेली पहिली तान्ही हत्तीण आयेशा. ही गोष्ट १९७४ सालची. तिला कित्येक आठवडे शेल्ड्रिकबाईंनीं स्वतःच्या हातानें पाजलें, रात्रंदिवस जवळ ठेविलें. पिल्लूं सहा महिन्यांचें झालें, भरलें, खेळूं लागलें. इतक्यांत बाईंच्या मुलीचें लग्न निघालें. लग्नघरीं आईस जावेंच लागणार. त्या गेल्या, आणि आयेशास दुसऱ्या माणसांच्या हवालीं केलें. दूध तेंच, बाटली तीच, जागा तीच. पण तिनें खाणें सोडलें. आपली आई पुन्हां एकदां नाहींशी झाली, एवढेंच तिला कळलें असावें. बाई परत आल्या तेव्हां ती हातीं लागण्याच्या पलीकडे गेली होती, आणि थोड्याच वेळांत तिनें प्राण सोडला.

ही कथा आम्हांस तेथें ऐकावयास मिळाली तेव्हां आमच्या बरोबरच्या बायकांपैकीं एकीच्याही डोळ्यांचें पाणी खळलें नाहीं. आजारानें पिल्लूं गेलें असतें तर तें दुःख निराळें होतें. हें मायेनें गेलें. माया कमी पडून नव्हे, एकाच ठिकाणीं सांठून. आणि तेथील सर्व व्यवस्था ह्या एका मृत्यूच्या पायावर उभारलेली आहे.

कारण तेव्हांपासून नियम असा आहे कीं, कोणतेंही पिल्लूं कोणा एकाच माणसाचें होऊं द्यावयाचें नाहीं. दर तीन तासांनीं दूध, दिवसां व रात्रींही. पण पाजणारा हात बदलता. रात्रीं प्रत्येक तान्ह्या पिल्लाच्या लांकडी कोठडींत एक पालक निजतो. त्याचा माळा थोड्या उंचीवर, खालीं गवताचा बिछाना पिल्लाचा. भूक लागली म्हणजे सोंड वर येते आणि माणसाचें पांघरूण ओढते. मात्र आज जो येथें निजला तो उद्यां दुसऱ्या कोठडींत. पिल्लांस ह्यामुळें सर्वच डगलेवाले आपले वाटतात. माणसांतही आवडनिवड होतेच, तीस उपाय नाहीं. कोणा पालकाची पाळी आली कीं अमुक पिल्लूं अधिक खुलतें, हें तेथील लोक हंसत हंसत कबूल करतात.

आमचे वाचक बहुतेक एकत्र कुटुंबांत वाढलेले. त्यांस ह्यांत नवल वाटणार नाहीं. ज्या घरांत आई माहेरीं गेली किंवा दुखणाईत पडली तरी काकू वेणी घाली, आत्या भरवी आणि आजी थोपटी, त्या घरांतील मूल पोरकेपणाच्या अर्ध्या दुःखांतून आपोआप सुटे. हत्तीचा कळपही असाच असतो. सर्वांत वडील हत्तीण ही त्याची मुख्य. तिच्या बहिणी, मुली, नाती व त्यांचीं पिल्लें असा तो परिवार. पाणी कोठें, दुष्काळांत वाट कोणती, भय कोठें, हें सारें त्या म्हातारीच्या स्मरणांत. पुरुष मंडळी वयांत आली कीं तेथून बाहेर पडतात. (आपल्या घरांत उलट, बाहेर पडतात त्या मुली.) कळपांतील मोठ्या पोरींना तान्ह्याचें फार वेड, आई चरत असतां पोर सांभाळण्याचें काम त्या हौसेनें करतात. नैरोबींतील हिरव्या डगल्यांनीं ह्याच परिवाराचें सोंग घेतलें आहे, आणि सोंग घेऊन ते विसरत नाहींत कीं हें सोंग आहे. दोनतीन वर्षांनीं हीं पिल्लें येथून जावयाचीं आहेत.

पुढचा मुक्काम त्साव्हो. तो पाहिल्यावांचून हकीकत पुरी होत नाहीं, म्हणून आम्ही परतण्यापूर्वीं सकाळच्या आगगाडीनें वोई स्टेशनास गेलों. ह्या मार्गाशीं आपला जुना संबंध आहे. १८९६ ते १९०१ या काळांत मोंबासाहून आंत नेलेला पहिला लोहमार्ग हिंदुस्थानांतून, विशेषतः पंजाबांतून, नेलेल्या हजारों मजुरांनीं बांधिला; १८९८ सालीं त्साव्होच्या पुलाशीं दोन सिंहांनीं त्यांपैकीं कित्येकांस खाल्लें. आतांचा रुंद मार्ग २०१७ सालीं सुरू झाला. तो उंच भरावावरून जातो, आणि हत्तींना खालून पलीकडे जातां यावें म्हणून मधून मधून पूल ठेविले आहेत.

त्साव्होचे पूर्व व पश्चिम भाग मिळून वीस हजार चौरस किलोमीटरांहून अधिक, म्हणजे आपल्या पुणें जिल्ह्याहूनही मोठें, असें तें रान आहे. दाट जंगल म्हणावें तर तसें नाहीं. लालभडक माती, बाभळीच्या जातीचीं कांटेरी झुडपें, आणि मधूनच एखादी गोरखचिंच, जिचे भाईबंद आपल्या किनाऱ्यावरील जुन्या बंदरांजवळ दिसतात. येथील हत्ती करडे नव्हत, विटकरी. धूळ अंगावर उडवून घेण्याची संवय, त्यामुळें ज्या मातीचा देश त्या मातीचा रंग.

वोईस, उत्तरेकडील इथुंबा येथें, आणि किबवेझीच्या झऱ्याकांठच्या रानांत अशीं तीन ठाणीं आहेत. तिसरें विशेषेंकरून पाय अधू झालेल्या पिल्लांसाठीं. येथें कोठड्या नाहींत. विजेच्या तारेचें कुंपण घातलेलें आवार आहे. रात्रीं तेथें मुक्काम, सकाळीं दार उघडलें कीं रान. पालक बरोबर जातात, पण नैरोबींत ते पुढें असत, येथें ते मागें असतात. कोणीकडे वळावयाचें हें कळपांतील मोठी हत्तीण ठरविते. पाणवठ्यावर रानटी हत्ती भेटतात. आधीं दुरून, मग सोंडेला सोंड लावून. कोणी एखादें धीट पिल्लूं त्यांच्याबरोबर जातें, रात्रीं घाबरून परत येतें, पुन्हां जातें. एखाद्या रात्रीं परत येत नाहीं. असें आठ-दहा वर्षांच्या वयापर्यंत चालतें. कोणासही हांकून देत नाहींत, व कोणासही अडवीत नाहींत. दार दोन्हीकडून उघडें.

आम्ही पोहोंचलों त्याच्या दुसऱ्या दिवशीं पहाटे दार उघडण्याच्या वेळीं हजर होतों. बाहेर तीन मोठ्या हत्तिणी आधींच येऊन उभ्या होत्या. ह्या पूर्वीं येथेंच वाढलेल्या, आतां रानांत राहणाऱ्या, आणि अधूनमधून चौकशीस येणाऱ्या, असें कळलें. सासुरवाशिणी माहेरीं डोकावून जातात त्यांतलाच प्रकार. जखम झाली तर त्या उपचारासाठींही येथें येतात, आणि तान्हें झालें तर दाखवावयासही. एमिली नांवाच्या येथेंच वाढलेल्या हत्तिणीस २००८ सालीं मुलगी झाली, तेव्हां तिनें ती पालकांपुढें आणून उभी केली. वीस-बावीस वर्षें चाकरी केलेल्या एका पालकास आम्हीं विचारिलें कीं, हातानें वाढविलेलें पोर निघून गेलें म्हणजे कसें वाटतें? पहिले कांहीं दिवस तो रोज पायांचे ठसे पाहतो, एवढेंच त्यानें सांगितलें, आणि बादली उचलून कामास लागला.

या सर्व खटाटोपाच्या मागें जें कारण आहे, त्यांत मुंबईचाही वांटा आहे, हें येथें सांगितलें पाहिजे. एकोणिसाव्या शतकांत पूर्व आफ्रिकेचा हस्तिदंत गलबतांतून मुंबईस येई, आणि तेथून गुजराथ-राजपुतान्याच्या चुडेवाल्यांकडे व युरोपासही जाई. आपल्या जुन्या वाड्यांतून सांपडणारी हस्तिदंती फणी, सोंगट्या, कुंकवाची पेटी यांची आई कोणत्या रानांत होती हें कोणीं विचारिलें नव्हतें. पुढें बंदुका सुधारल्या, भाव चढले. १९७० नंतर केनियांत दीड लाखांहून अधिक असलेले हत्ती १९८९ पर्यंत सुमारें १६,००० उरले. त्याच वर्षींच्या जुलै महिन्यांत राष्ट्राध्यक्ष मोई यांनीं नैरोबीच्या ह्याच अरण्यांत बारा टन हस्तिदंताची होळी पेटविली, आणि वर्षाअखेर हस्तिदंताचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद करण्याचें ठरलें. ३० एप्रिल २०१६ रोजीं तेथेंच १०५ टन जाळण्यांत आले. त्या राखेच्या जागा व दुधाच्या बाटल्यांचें मैदान एकाच कुंपणाच्या आंत आहेत. २०२१ च्या गणतींत केनियांत ३६,२८० हत्ती मोजले गेले.

छत्तीस हजारांत तीनशें-साडेतीनशें पिल्लें वांचविलीं तर काय झालें, एवढ्या पैशांत किती रान राखतां आलें असतें, असा प्रश्न विचारणारे सुज्ञ लोक आहेत, आणि प्रश्न अगदींच पोकळ नाहीं. पण वाढलेल्या हत्तिणी प्रसवतात, ह्या पिल्लांना पाहून दूरदूरचे लोक वर्षास ५० डॉलर देऊन त्यांचें नांवापुरतें पालकत्व घेतात, आणि त्याच पैशांतून गस्तीच्या तुकड्या व विमानें चालतात. फास शोधले जातात, रानांत पाण्याची सोय होते. हिशेब एवढा सरळ नाहीं. अधिक अवघड प्रश्न शेतकऱ्याचा. त्साव्होच्या सीमेवरील ज्याचा मका एका रात्रींत भुईसपाट झाला त्यास हें कौतुक कोठून सुचावें? आमच्या सिंधुदुर्गांत २००२ पासून कर्नाटकांतून हत्ती येऊं लागले आहेत. दोडामार्गाकडील केळी व माड ज्यांचे उध्वस्त झाले त्यांच्या ओटीवर बसून ही गोष्ट सांगण्याचें धाडस आम्हांस होणार नाहीं. त्साव्होंत कांहीं ठिकाणीं मधमाश्यांच्या पोळ्यांचीं कुंपणें लावून पाहत आहेत. हत्ती माशीस भितो, आणि मध शेतकऱ्यास मिळतो.

शेल्ड्रिकबाई १२ एप्रिल २०१८ रोजीं वारल्या. पति १९७७ सालींच गेले होते व त्यांच्या नांवानें बाईंनीं ही संस्था काढिली होती. बाईंच्या आत्मवृत्तांतील एक प्रसंग ध्यानांत राहण्याजोगा आहे. एलिनॉर नांवाची, त्यांनींच वाढविलेली, रानांत गेलेली हत्तीण दिसली असें वाटून त्या एकदां रानटी हत्तिणीजवळ गेल्या आणि अंगावर हात ठेविला. ती एलिनॉर नव्हती. तिनें बाईंस सोंडेनें उडवून खडकावर टाकलें. मांडीचें हाड मोडलें. जिनें शेंकडों पिल्लांस दूध पाजलें तिलाही दोहोंतला फरक ओळखतां आला नाहीं, इतकी ती पोर रानाची झाली होती.

वोईहून दुपारच्या गाडीनें आम्ही मोंबासाकडे निघालों. थोडें पुढें गेल्यावर डाव्या हातास विटकरी रंगाचे दहा-बारा हत्ती भरावापासून हाकेच्या अंतरावर उभे दिसले, मध्यें एक अगदीं लहान, आईच्या पोटाखालीं. मुलें खिडकीशीं धांवलीं. यांतले तिकडचे कोणते आणि रानचे कोणते, असें त्यांनीं विचारिलें. समोर बसलेल्या केनियन गृहस्थांसही तें सांगतां आलें नाहीं, आणि तोंवर गाडी पुढें गेली.